ऑफिसचा दहा वर्षं जुना सर्व्हर बदलून घेतला, त्याचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, मी आयटीवाली नाही. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका सीए फर्ममध्ये ऑफिस सांभाळते, सर्व्हर माझ्या खुर्चीच्या मागच्या कपाटाशेजारी ठेवलाय म्हणून तो पण माझ्याच गळ्यात. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण कौतुकासोबत दोन तक्रारी पण लिहिणार आहे आणि माणूस भला आहे. पण काम कसं केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही कोणाकडूनही करून घेतलंत तरी काय विचारायचं ते कळेल, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर दोन कोटेशनवर महिना वाया गेला नसता.

सुरुवात झाली जुलै २०२३ ला. २७ तारीख, ३१ ला रिटर्नची शेवटची तारीख, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही आणि सर्व्हर टीं टीं टीं करायला लागला. पुढच्या चार दिव्यांपैकी एक केशरी. तेव्हा कळलं की आत तीन डिस्क आहेत, त्यातली एक मेली तरी काम चालू राहतं पण दुसरी मेली की सगळंच गेलं. नवीन डिस्क मिळेपर्यंत दीड दिवस आम्ही एकोणीस माणसं एका डिस्कच्या अंतरावर बसून रिटर्न भरत होतो. आर्टिकलची (सीएचं ट्रेनिंग घेणारी) मुलं हसत होती, सर मात्र दर तासाला येऊन त्या केशरी दिव्याकडे बघून जायचे, आयसीयूबाहेर नातेवाईक उभे असतात तसे.

मग ऑक्टोबर आला. आमच्याकडे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होतं, त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, म्हणजे सिक्युरिटीचे फुकट अपडेट बंद. एका मोठ्या क्लायंटने दरवर्षीच्या फॉर्ममध्ये नेमकं तेच विचारलं, आमचा डेटा कुठल्या सिस्टीमवर ठेवता, सपोर्ट चालू आहे का. खोटं लिहायची सोय नाही, ऑडिटवाल्यांनीच खोटं लिहायचं म्हणजे. सर म्हणाले, बदलून टाका, पण एक दिवस पण ऑफिस बंद राहता कामा नये.

पहिलं कोटेशन आलं ते बारा हजार लेबर. "मॅडम दोन दिवस सगळ्यांना सुट्टी द्या, सगळं नवीन करून देतो." मी विचारलं, नवीन म्हणजे काय, तर म्हणे नवीन डोमेन (ऑफिसातली सगळी मशीन आणि लॉगिन एका ठिकाणाहून सांभाळायची व्यवस्था) बनवणार आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्यात जोडणार. मला काय कळतंय, मी हो म्हणणारच होते. दुसरं कोटेशन सर्व्हर नकोच म्हणणाऱ्याचं, सगळं क्लाउडवर. तो विचार आम्ही मनापासून केला, पण आमच्या गल्लीत दर पंधरा दिवसाला कोणीतरी रस्ता खोदतं आणि नेट जातं, त्यात फाइल एक टीबीच्या वर, म्हणून सोडून दिला. तुमच्याकडे नेट धड असेल आणि माणसं पाचसात असतील तर तो मार्ग वाईट नाही.

तिसरा आला तो हा माणूस. लेबर पस्तीस हजार सांगितलं आणि सर्व्हरचं कोटेशन द्यायच्या आधी दोन दिवस नुसतं बघायला मागितलं. सर म्हणाले, बघायला कसले दोन दिवस. पण आला, एक लांबट वही घेऊन, आणि प्रत्येक टेबलाशी स्टूल ओढून बसला. "तुम्ही सकाळी आल्यावर पहिलं काय उघडता?" असं विचारायचा आणि माणूस काय करतो ते नुसतं बघायचा. आमच्या अकाउंटंट काकांच्या मशीनवर झेड ड्राइव्ह सर्व्हरच्या नावाने जोडलेला, शेजारच्या मुलीच्या मशीनवर तोच ड्राइव्ह आयपी नंबरने (नेटवर्कवरचा सर्व्हरचा पत्ता), आणि एका आर्टिकलने तर डेस्कटॉपवर शॉर्टकट केलेला तो २०१६ साली नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॉगिनने. एक्सेलच्या फाइली एकमेकींना जोडलेल्या आणि प्रत्येक लिंकमध्ये सर्व्हरचं जुनं नाव. टॅलीच्या (हिशोबाचं सॉफ्टवेअर) प्रत्येक मशीनमध्ये लायसन्स कुठून घ्यायचं तर सर्व्हरचा आयपी आणि पुढे ९९९९. हजेरीचं थंब मशीन, दोन झेरॉक्स मशीन, टॅक्सच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस, वायफाय, सगळे त्या एकाच डब्याकडे बोट दाखवणारे. वहीची अकरा पानं भरली. मी चौदा वर्षं तिथे बसते, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

त्यानेच मला समजावलं की नवीन डोमेन म्हणजे काय होतं. समजा पहिल्या माणसाला काम दिलं असतं तर सोमवारी प्रत्येकाचा डेस्कटॉप कोरा आला असता. फाइल मशीनमध्येच असतात पण विंडोजला वाटतं की हा वेगळाच माणूस आलाय, म्हणून नवीन प्रोफाइल. आऊटलुक परत जोडा, सेव्ह केलेले पासवर्ड गेले, प्रिंटर परत टाका, गुणिले एकोणीस. ते स्वस्तातलं काम मला आठवडाभर रोज रात्री आठपर्यंत बसवणार होतं. ह्याचं म्हणणं, डोमेन तेच ठेवायचं, नवीन सर्व्हर जुन्याच्या शेजारी त्याच डोमेनमध्ये भाऊ म्हणून उभा करायचा, दोघं काही दिवस एकत्र नांदतील, मग मोठा भाऊ कारभार धाकट्याकडे देऊन निवृत्त होईल. वाटणीपत्र न करता. (हे त्याचेच शब्द, मला फार आवडले.)

लायसन्समध्ये पण त्याने आमचे पैसे वाचवले, हे लिहायलाच पाहिजे. आधीच्या कोटेशनमध्ये विंडोज सर्व्हर स्टँडर्ड आणि वर २५ कॅल होते, कॅल म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे घ्यायचं वेगळं लायसन्स. ह्याने माणसं मोजली, एकोणीस, आणि म्हणाला तुम्हाला विंडोज सर्व्हर २०२२ ची एसेन्शियल्स ही छोटी आवृत्ती पुरेल, ती २५ युजर आणि ५० मशीनपर्यंत कॅलशिवाय चालते, एका प्रोसेसरवर दहा कोरपर्यंत. सोबत बजावलं पण, पंचविसाच्या वर गेलात किंवा सरांनी दुसरं ऑफिस काढलं तर स्टँडर्डवर यावं लागेल, तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडू नका. सरांनी दोन मिनिटं विचार करून एसेन्शियल्स सांगितली. डबा घेतला डेलचा पॉवरएज टी३५०, टॉवरवाला, सहा कोरचा झिऑन प्रोसेसर, चार डिस्क, आणि आता डिस्क पुढून ओढून बदलता येतात. आवाज जुन्याच्या मानाने काहीच नाही, पहिल्या दिवशी मी तीनदा उठून बघितलं की चालू आहे ना.

तारीख ठरवणं हा वेगळाच प्रकार. सीएच्या ऑफिसात रिकामी तारीख पंचांगात शोधून सापडत नाही. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला थ्री-बी (दोन्ही जीएसटीची रिटर्न), १५ मार्चला अॅडव्हान्स टॅक्स आणि मग ३१ मार्च आहेच. २०२४ ची महाशिवरात्र शुक्रवारी, ८ मार्चला आली, शनिवार दुसरा, मग रविवार. म्हणजे टीडीएस गुरुवारी संपला आणि जीएसटीआर-१ ला सोमवार. मधले तीन दिवस. सर म्हणाले सोमवारी काही अडलं तर? तो म्हणाला, साहेब, खरं काम शिवरात्रीच्या आधीच संपलेलं असेल, त्या दिवशी फक्त पाटी बदलायची.

आणि खरंच तसं झालं. फेब्रुवारीत नवीन सर्व्हर येऊन शेजारी बसला आणि तीन आठवडे ऑफिसातल्या एकालाही पत्ता नव्हता की काही चाललंय. आधी त्याने जुन्याची तब्येत तपासली, तेव्हा एक मजा निघाली. आमचं डोमेन मुळात विंडोज २००३ च्या काळातलं, २०१४ ला मशीन बदललं पण आतली एक जुनी पद्धत तशीच राहिली होती, लॉगिनच्या वेळचे नियम दोन सर्व्हरमध्ये वाटून घ्यायची, तिला एफआरएस म्हणतात. नवीन विंडोजला ती चालतच नाही, ते डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर, व्हायलाच नकार देतं. मग आधी तीन टप्प्यांत ते नवीन पद्धतीवर, डीएफएसआरवर आणलं, दोन संध्याकाळ गेल्या. तो म्हणाला, हे शिवरात्रीच्या दिवशी कळलं असतं तर आपण दोघं इथेच जागरण केलं असतं.

मग नवीन सर्व्हर दुसरा डोमेन कंट्रोलर झाला, डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सोय) त्याच्यावर पण गेलं, आणि एका दुपारी चहा पिता पिता त्याने डोमेनचे पाच मुख्य अधिकार होते ते एकेक करून नवीनवर हलवले. मी विचारलं झालं? म्हणाला झालं. काका तेव्हा टॅलीत व्हाउचर टाकत होते, त्यांनी मान पण वर केली नाही.

फाइलींचं असं, की साधारण सव्वा टीबी पण सगळ्या बारक्या पीडीएफ आणि एक्सेल, आणि बारक्या फाइली कॉपी व्हायला मोठ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ खातात. दिवसा लावलं तर टॅली रडतं, म्हणून रोज रात्री नऊनंतर रोबोकॉपी (विंडोजमधलीच फाइल कॉपी करायची सोय). पहिल्या फेरीला तीन रात्री लागल्या. त्यानंतर रोज रात्री फक्त त्या दिवशी बदललेल्या फाइली, त्या वीस-पंचवीस मिनिटांत. कोणाला कुठलं फोल्डर दिसतं नि कुठलं नाही हे पण तसंच्या तसं गेलं, पगाराचं फोल्डर फक्त सर आणि मी बघू शकतो, ते मी पहिल्यांदा तपासलं, काकांच्या लॉगिनवरून. (काकांनी विचारलं काय बघताय, मी म्हटलं प्रिंटर.)

शुक्रवार. मला उपास, त्याला पण उपास, आर्टिकलची निम्मी मुलं त्र्यंबकला रांगेत. मी घरून साबुदाण्याची खिचडी नेली होती दोन डबे. सकाळी दहाला ग्रुपवर मेसेज टाकला की आज आणि उद्या कोणीही घरून फाइल उघडायची नाही, दोघांनी तरी उघडल्याच, त्यात एक सर. त्यांना फोन करून बंद करायला लावलं. मग जुन्यावरचे शेअर (सगळे वापरतात ती फोल्डर) फक्त वाचण्यापुरते केले, शेवटची कॉपी, चौतीस मिनिटं. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवून बघितली, सात फाइली कमी. सातही एक्सेलच्या त्या डॉलर लावलेल्या तात्पुरत्या फाइली निघाल्या, कोणीतरी फाइल उघडी टाकून मशीन बंद केलेलं. पण त्याने सात म्हणून सोडून दिलं नाही, एकेक नाव वाचून दाखवलं, मला तेव्हाच पटलं की ह्याला पैसे दिले ते वाया गेले नाहीत.

मग तो म्हणाला, मॅडम, आता चार वाजेपर्यंत आपल्याला परत फिरता येतं. चारला ठरवू. सगळं नीट असेल तर जुन्याचं पद काढून घेऊ, नसेल तर आजचं सगळं गुंडाळून सोमवारी जुन्यावरच ऑफिस चालू, कोणाला काही कळणार नाही. मला तो मुद्दा फार महत्त्वाचा वाटला. आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या एका ऑफिसात असंच काम झालं होतं, तिथे परत फिरायची सोयच ठेवली नव्हती आणि चार दिवस ती माणसं पेन ड्राइव्हवर काम करत होती.

चारला आम्ही पुढे जायचं ठरवलं. जुन्याची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल) बाहेरच्या डिस्कवर घेतलेली होतीच. जुन्याचं डोमेन कंट्रोलरपद काढलं, त्याला दुसरं नाव आणि दुसरा आयपी दिला, आणि जुनं नाव आणि जुना आयपी नवीनला. ही खरी युक्ती. वहीतली ती अकरा पानं आठवा, कोण नावाने जोडलेलं, कोण आयपीने, एक्सेलच्या लिंका, शॉर्टकट, थंब मशीन. नाव पण तेच आणि नंबर पण तोच, म्हणजे कोणाच्याही टेबलावर जाऊन काही बदलायचं नाही. माणूस बदलला, मोबाइल नंबर तोच राहिला.

शनिवारी टॅली. जुन्या सर्व्हरवरून लायसन्स सरेंडर करायचं आणि नवीनवर अॅक्टिव्हेट करायचं, नेट लागतं आणि टॅलीचा ईमेल आयडी-पासवर्ड लागतो. तो पासवर्ड कोणाकडे, तर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलीकडे. तिला फोन केला, तिला साखरपुड्याच्या खरेदीत ओटीपी मागितला, बिचारीने दिला. तुम्ही हे करणार असाल तर हे आधी करा. मग दोन मुलांना बोलावलं, मिसळ खायला घालायच्या बोलीवर, आणि त्यांच्याकडून प्रत्येक मशीनवर लॉगिन, एक फाइल उघडणं, सेव्ह करणं, प्रिंट, टॅलीत एक एंट्री करून डिलीट, असं करून घेतलं. शनिवारी दुपारी तीनला संपलं.

सोमवारी सकाळी मी साडेनऊलाच जाऊन बसले. काका आले, मशीन लावलं, चष्मा पुसला, झेड ड्राइव्ह उघडला. काही नाही. एक मुलगी म्हणाली आज फास्ट चालतंय का हो. बस्स. अकराला काकांनी विचारलं, ते सर्व्हरचं काम कधी करणार आहेत?

आता तक्रारी.

पहिली, स्कॅनर. आमच्याकडे दोन झेरॉक्स मशीन, शनिवारी पुढच्यावर स्कॅन करून बघितलं, मागच्या खोलीतल्यावर नाही. ते जुनं मशीन, स्कॅन सरळ सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतं पण एसएमबीच्या (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) सगळ्यात जुन्या भाषेत, एसएमबी १ मध्ये, आणि नवीन सर्व्हरला ती भाषा मुळात येतच नाही, मुद्दाम काढून टाकलेली असते. सोमवारी बाराला मागच्या खोलीत बोंब. वहीत त्या मशीनचं नाव होतं, पण ते कसं बोलतं हे लिहिलं नव्हतं, ही चूक त्याची, त्याने पण मान्य केली. मी म्हटलं, चालू करून टाका ना ती जुनी भाषा, दोन क्लिकचं काम असेल. ठाम नाही म्हणाला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं होतं ते ह्याच दारातून घुसलं होतं, एका झेरॉक्स मशीनसाठी ते दार उघडत नाही. मग एफटीपीने (फाइल पाठवायची दुसरी पद्धत) एक वेगळं बंदिस्त फोल्डर करून दिलं, पण त्यात संध्याकाळचे सहा वाजले आणि जीएसटीची शेवटची तारीख असताना मुलं कागद घेऊन पुढच्या मशीनपुढे रांग लावून उभी होती. एक स्टार त्याचा कापला.

दुसरी बारीक. नवीन सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत, एक गेला तर दुसरा चालावा म्हणून. त्याच्या पोराने दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये खोचल्या. मी आयटीवाली नाही पण मी विचारलं, यूपीएसच गेला तर? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आता एक यूपीएसवर, एक इन्व्हर्टरच्या लाइनवर. आणि हँडओव्हरची फाइल मागून मागून पंधरा दिवसांनी मिळाली, बिल मात्र दुसऱ्या दिवशी.

बॅकअपचं चांगलं करून दिलं. दोन बाहेरच्या डिस्क, आठवड्याला अदलाबदल, एक सरांच्या घरी. आणि नुसतं लावून गेला नाही, माझ्यासमोर एक फोल्डर उडवून बॅकअपमधून परत आणून दाखवलं. शिवाय सर्व्हर रोज सकाळी सातला आणि दुपारी बाराला फाइलींची आठवण ठेवतो, राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये जायचं. मे महिन्यात एका मुलाने एका क्लायंटची बॅलन्स शीट दुसऱ्या क्लायंटच्या नावावर सेव्ह केली, चेहरा पांढरा करून माझ्याकडे आला, मी दोन मिनिटांत बाराची कॉपी काढून दिली. तेव्हापासून मला ऑफिसात उगाच मान आहे.

जुना सर्व्हर तीन आठवडे बाजूला चालू ठेवला होता, शेअर फक्त वाचण्यापुरते, कोणाला काही सापडलं नाही तर. कोणीच मागितलं नाही. मग बंद केला. डबा ई-वेस्टवाल्याला दिला, डिस्क मात्र काढून घेतल्या, त्यात लोकांचे पॅन, आधार, सगळं. त्यांना ड्रिलने भोकं पाडायची ठरली होती. तो ड्रिल आणायला विसरला, मग मी विसरले, आता त्या तिन्ही डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून सरांच्या कपाटात देवाच्या फोटोखाली आहेत.